धुऱ्यावरच्या झाडांचा हिशेब

(वर्धा जिल्ह्यातील शेतकरी बायांच्या बैठकीत केलेले भाषण)



प्रकल्पात जमीन गेली की गावात पहिला प्रश्न असतो, एकरी किती मिळाले? वावरातल्या झाडांचे किती मिळाले, हे फारसे कोणी विचारत नाही. आज मी त्या झाडांबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या मते हा बायांचा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्याला भूसंपादन नवे नाही. बोर आणि धाम ही धरणे झाली, आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा प्रकल्प झाला. सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेसाठी जमिनी गेल्या. पवनारहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाला जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. जमीन द्यायची की नाही, हा लढा वेगळा आणि तो लढण्याचा आपला हक्क आहेच. पण जिथे जमीन जातेच, तिथे झाडे फुकट का जावीत?

ही झाडे कोणाची, ते जरा पाहा. आर्वी, आष्टी, कारंजा भागातला संत्र्याचा बगीचा कागदावर घरधन्याचा असतो; रोपांना पाणी घालणारी, आळी करणारी, फळे वेचणारी बाई असते. धुऱ्यावरच्या चिंचा, बोरी, जांभूळ, सीताफळी तर सगळ्या तिच्याच भरवशावर. चिंच ती फोडते, सीताफळाची टोपली ती बाजारात नेते. कापसाचे नि सोयाबीनचे पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात. सीताफळाचे पैसे तिच्या लुगड्याच्या गाठीत राहतात. मुलीची वही, सासूचे औषध, गटाची बचत त्यातूनच निघते. ती झाडे गेली की तिचे एकमेव स्वतःचे उत्पन्न जाते.

एका गावात एका बाईने मला मोजणीच्या पंचनाम्याची नक्कल दाखवली. त्यात दोन आंबे लिहिलेले होते. तिने बोटांवर मोजून दाखवले: चिंचा दोन, जांभूळ एक, बोरी तीन, सीताफळी पाच. मी विचारले, मोजणीच्या दिवशी तुम्ही कुठे होत्या? म्हणाली, "दुसऱ्याच्या वावरात निंदाले गेली होती. नोटीस त्यायच्या नावानं आली, सही बी त्यायनंच केली." ज्या माणसाला झाडे ठाऊक होती, तिलाच कोणी विचारले नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ प्रमाणे झाडांची किंमत वेगळी ठरवायची असते आणि त्यासाठी जिल्हाधिकारी कृषी, वन, फलोद्यान यांतल्या जाणकारांची मदत घेऊ शकतात. शिवाय कलम ३० प्रमाणे जमिनीच्या रकमेवर जसा शंभर टक्के दिलासा मिळतो, तसाच झाडांच्या किमतीवरही मिळतो. १८९४ च्या जुन्या कायद्यात दिलासा तीस टक्के होता. म्हणजे आज झाडाची किंमत पाच हजार धरली तर दहा हजार मिळायला हवेत. पंचनाम्यात झाडच नसेल तर दोन्ही गेले.

एक गुंता मात्र समजून घ्या. बगीच्याच्या उत्पन्नावरून जमिनीची किंमत काढली, तर फळझाडांचे पैसे पुन्हा वेगळे मिळत नाहीत. आजूबाजूच्या मोकळ्या जमिनीच्या खरेदीखतांवरून काढली, तर झाडांची किंमत वेगळी मागता येते. २०११ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. म्हणून आपला दर कसा काढला, हे आधी विचारा.

झाड कोणते, हेही आधीच नक्की करून घ्या. याच नांदेड रेल्वेमार्गावर पुसद तालुक्यातल्या एका झाडासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२५ मध्ये रेल्वेला एक कोटी रुपये जमा करायला लावले, कारण ते रक्तचंदन असल्याचा दावा होता. पुढे ते बिजा असल्याचा अहवाल आल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. बिजाची किंमत अगदीच थोडी निघाली.

मग बाईचा हक्क? खरे सांगायचे तर नवरा जिवंत असताना त्याच्या नावच्या जमिनीवर बायकोची मालकी कायदा आपोआप मानत नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली ती यासाठीच. पण मोबदल्यात आपला हितसंबंध आहे असे सांगणारी कोणीही व्यक्ती कलम २१ च्या नोटिशीनंतर लेखी दावा करू शकते. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिस्सा आहे. विधवा, घटस्फोटिता आणि टाकलेल्या बायांना २०१३ चा कायदा स्वतंत्र कुटुंब मानतो. यातली कोणतीही बाई गप्प राहिली तर तिचे नाव निवाड्यात येणार नाही.

म्हणून काही कामे आजपासूनच करू या. ई-पीक पाहणीत धुऱ्यावरची झाडेसुद्धा नोंदवा. प्रत्येक झाडाचे नाव, घेर, अंदाजे वय आणि वर्षाचे फळ वहीत लिहा, फोटो काढा. बाजारात विकलेल्या मालाच्या चिठ्ठ्या जपा. मोजणीच्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, गटातल्या दोघी-तिघींनी हजर राहा. पंचनामा वाचून घेतल्याशिवाय सही होऊ देऊ नका. झाड सुटले असेल तर तिथेच लेखी हरकत द्या.

पैसे घेताना "हक्क राखून घेत आहे" असे लिहा. तसे लिहिले नाही तर वाढीव मोबदल्याची मागणी करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाची मुदत सहा आठवड्यांचीच आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी ही वाट वेगळी आहे, तिथे लवादाकडे जावे लागते. आणि सरकार थेट खरेदीने जमीन घेत असेल, तर खरेदीखतावर सही होण्याआधीच झाडांची यादी आणि दर त्यात लिहून घ्या. नंतर दाद मागायला फारशी जागा उरत नाही.

शेवटचे, घरात बोलायचे. झाडांचे पैसे दोघांच्या जोडखात्यात यावेत, अशी मागणी प्रत्येक गटाने ठराव करून गावसभेत मांडावी. नवऱ्याशी भांडण नको म्हणून ज्या गप्प बसतात, त्यांच्यासाठीही गटाचा ठराव उपयोगी पडतो. एकटीचा हट्ट राहत नाही, गावाची रीत होते. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या झाडांची वही घेऊन या. तिथून कामाला लागू.