लेखणीला जोड दुसऱ्या कलेची
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. बोअरचं पाणी, टँकर, लिफ्ट, पार्किंग यांवर या पंचवीस वर्षांत भरपूर बोलून झालंय. म्हणून सचिवांनी मला सांगितलं, ‘‘सर, तुम्ही जरा साहित्यावर बोला.’’ मी मराठीचा मास्तर, त्यामुळे मला तेवढंच जमतं. पण साहित्यावर बोलता बोलता शेवटी मी आपल्या तळमजल्याच्या हॉलवर येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो!

आपण अंबाजोगाईची माणसं. मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं हे गाव. दासोपंतांची समाधी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. पण त्यांची पासोडी किती जणांना ठाऊक आहे? पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचं जाडंभरडं कापड. दासोपंतांनी अशा कापडावर ग्रंथ लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद! म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये अंथरली तर दोन-तीन गाड्या हलवाव्या लागतील. त्यावर नुसत्या ओव्या नाहीत, चित्रं आहेत, आकृत्या आहेत.

दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. गीतेवरच्या त्यांच्या ‘गीतार्णव’ या टीकेच्या ओव्या सव्वा लाख मानल्या जातात. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागायची, असं जुनी माणसं सांगतात. एवढे शब्द हाताशी असलेल्या माणसाला चित्र काढायची गरज का पडली असेल?

पासोडीचा विषय आहे पंचीकरण. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच महाभूतं. वेदान्तात सांगतात की प्रत्येक भूताचे आधी दोन भाग होतात. एक अर्धा भाग स्वतःकडे राहतो. दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग होतात आणि ते बाकीच्या चौघांना एकेक मिळतात. म्हणजे पृथ्वीत अर्धी पृथ्वी, आणि इतर चौघांचा एक-एक अष्टमांश. आता हे नुसतं ऐकून किती जणांच्या ध्यानात आलं? मीच चार वेळा वाचलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. पण हेच आखून दाखवलं की एका नजरेत कळतं. जिथं शब्द थकतो तिथं रेघ कामाला येते, हे या आपल्या गावच्या माणसाने चारशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. शिवाय त्यांनी पदं रचली तीही गाण्यासाठी. ओवी, चित्र आणि गाणं, तिन्ही एकाच माणसाकडे.

अशी माणसं पुढेही झाली. पु. ल. देशपांडे आपण विनोदी लेखक म्हणून वाचतो. पण हार्मोनियमवर त्यांचा हात लेखणीइतकाच चालायचा. १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’त कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका, सगळं त्यांचंच. आणि आपल्या गॅदरिंगला दरवर्षी छोटी पोरं डोक्याला पिसं बांधून मोराच्या ज्या गाण्यावर नाचतात ना, त्याची चालसुद्धा पु. लं.ची! शब्द गदिमांचे, आवाज आशाताईंचा.

व्यंकटेश माडगूळकर लिहायचे तसेच चित्रंही काढायचे. ‘बनगरवाडी’ वाचा. उन्हातला माळ, मेंढरं, धनगराची बसण्याची पद्धत, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. झाड काढायचं तर फांदी कुठून फुटते ते बघावं लागतं. हे बघण्याचं वळण एकदा डोळ्याला लागलं की ते लिहिण्यात उतरतंच.

आता पालक मनात म्हणत असतील, ‘‘हे सगळं खरं हो सर, पण यानं पोट भरतं का?’’ तर अरुण कोलटकरांचं उदाहरण घ्या. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांतले मोठे कवी. ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि त्यांचं घर चाललं ते जाहिरातीच्या क्षेत्रातल्या चित्रकामावर. चित्रानं पोट सांभाळलं, म्हणून कवितेला कुणाची मर्जी सांभाळावी लागली नाही.

आणि ज्येष्ठ मंडळींनो, रवींद्रनाथ टागोर तुमच्यासाठी. हस्तलिखितात खोडलेल्या ओळी ते एकमेकींना जोडत गेले आणि त्यातून आकार तयार झाले. त्या नादातून ते चित्रांकडे वळले. १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा वय होतं जवळपास ६९. नोबेल मिळून सतरा वर्षं झाली होती. तेव्हा ‘आता या वयात काय शिकायचं’ हे वाक्य आजपासून सोसायटीच्या बाकावर म्हणायचं नाही!

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे काय होतं? लेकरू सातवी-आठवीत एलिमेंटरी देतं, मग इंटरमिजिएट देतं. दहावीला चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर. पुढे लातूरची शिकवणी, नीट, जेईई. मी शिकवणीच्या विरोधात नाही. माझीही मुलं त्याच वाटेनं गेली आणि आज आपापल्या ठिकाणी नीट आहेत. पण सुट्टीला आलेलं पोरगं दोन दोन तास गॅलरीत मोबाईल घेऊन गप्प बसतं, काही विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतं, तेव्हा मला वाटतं की याच्या हाती मन मोकळं करायला दुसरं काही तरी असायला पाहिजे होतं. पेटी, तबला, ब्रश, काहीही. परीक्षेत मार्क कमी पडले त्या रात्री गणिताचं पुस्तक जवळ घेत नाही.

सगळ्यांनी कलावंतच व्हावं असं मी म्हणत नाही. पंचीकरणाचाच हिशेब लावा. अर्धा भाग आपल्या कामाचा, धंद्याचा, अभ्यासाचा. तो पूर्ण द्या. पण उरलेल्या अर्ध्यात थोडं गाणं, थोडं चित्र, थोडं लिखाण येऊ द्या.

म्हणून तळमजल्याचा हॉल. तो वर्षभराच्या कराराने भाड्याने द्यावा, असा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. गच्ची गळते, लिफ्टचं काम निघालंय, देखभाल निधी पुरत नाही, हे मलाही माहीत आहे. पत्रकातले आकडे मी पाहिलेत. भाडं यायलाच हवं. माझी सूचना एवढीच, की करारात संध्याकाळचे सहा ते आठ हे दोन तास सोसायटीचे राखून ठेवा. तेवढ्यासाठी भाडं थोडं कमी आलं तरी चालेल. आपल्याच इमारतीत तबला वाजवणारे आहेत, रांगोळीत हात बसलेल्या ताई आहेत, भजन म्हणणाऱ्या मावश्या आहेत. शिकवायला बाहेरून माणूस आणायची गरज नाही. मराठी लिहायला शिकवायचं काम मी घेतो. फी नाही, फक्त चहा लागेल!

दासोपंतांना भारी कागद किंवा रेशमी वस्त्र लागलं नाही, अंगावरचं जाडं कापड पुरलं. आपल्याला दोन तास आणि एक सतरंजी पुरेल. सभेला सगळ्यांनी या आणि या सूचनेवर हात वर करा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.