अश्वारोहणाची पूर्वतयारी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



बडनेऱ्यास किंवा अकोल्यास आगगाडीत बसावे, कल्याणला गाडी बदलून नेरळ गाठावे, की माथेरानचा डोंगर समोर येतो. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव आहे. १९०७ साली तेथे छोटी आगगाडी आली, २०२२ च्या डिसेंबरात विजेच्या रिक्षा आल्या. तथापि तांबड्या मातीच्या वाटांनी घोड्यावरून हिंडण्याची हौस कायम आहे. ती हौस आम्हास मान्य आहे. तयारीवाचून मुलास खोगिरावर चढविणे मान्य नाही. पडल्यावर शोक करण्यापेक्षा आधीच चार गोष्टी जाणून घेतलेल्या बऱ्या.

तयारीचा आरंभ घरी होतो. ज्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, तेथील मुलांनी महिनाभर आधी बैठका काढण्यास संकोच कशाचा? घोड्यावर तोल राहतो तो मांड्यांच्या व पाठीच्या बळावर, लगामाला लोंबकळून नव्हे. चपला नकोत, लहानशी टाच असलेले बूट हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. ओढणी, पदर खोचून घ्यावा. शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली बांधावा. गर्भवती भगिनींनी व पाठीचा विकार असलेल्यांनी हा मोह टाळावा. तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन तर कोणीच बसू नये. मुलींना मात्र केवळ मुली म्हणून खाली उभे करू नये.

तेथे गेल्यावर भाडे, ठिकाणे व वेळ प्रथम ठरवावी. आपले वजन आणि आपण नवखे आहोत हे घोडेवाल्यास मोकळेपणी सांगावे. तसे सांगण्यात कमीपणा नाही. तंग आवळलेला आहे ना, हे त्याच्याकडून पाहून घ्यावे. घोड्याच्या मागे उभे राहू नये. डाव्या बाजूने चढावे, टाच खाली ठेवावी, चढणीवर किंचित पुढे व उतारावर मागे झुकावे. ओरडू नये, आणि छायाचित्रासाठी लगाम सोडू नये.

शेवटची गोष्ट आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकणारे आपण वऱ्हाडी. मग खोगिराखाली जखम असलेल्या किंवा लंगडणाऱ्या घोड्यावर आपण बसावे काय? तो नाकारावा, दुसरा मागावा. लगाम धरून पायी चालणाऱ्या घोडेवाल्यास 'घोडा पळव' असा आग्रह धरू नये. तेथील वाट व जनावर दोन्ही त्याच्या ओळखीची असतात.

ज्या जिवाच्या पाठीवर आपली मुले बसतात, त्याची काळजी हाच त्यांच्या सुरक्षिततेचा पाया होय.