घसरण्याची विद्या

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी बर्फावर पडायला शिकलो. हौस माझी नव्हे, पत्नीची. तिला गुलमर्गला जाऊन स्कीइंग करायचे होते. मला शेकोटीपाशी बसून कहवा प्यायचा होता. पण वीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी प्रथमच काही मागितले. नाही म्हणवेना.

गुलमर्ग काश्मीरात, सुमारे २,६५० मीटर उंचीवर. पायांत ताठ बूट, बुटांखाली लांब पट्ट्या. शिकवणारा विशीतला काश्मिरी मुलगा. त्याने आधी वेग शिकवलाच नाही. कुशीवर पडावे कसे, उठावे कसे, मग थांबावे कसे! पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणायची, टाचा फाकवायच्या. म्हणजे आतल्या कडा बर्फात रुततात नि वेग मोडतो. या पवित्र्याला म्हणतात स्नो-प्लाउ, बर्फाचा नांगर. भीतीने माणूस मागे रेलतो आणि तिथेच फसतो. मागे रेलले की पट्ट्या ताब्यात राहत नाहीत. भय वाटते त्या उताराकडेच झुकावे लागते.

मी सतरा वेळा पडलो. तो पोरगा ना हसला, ना चिडला. दर वेळी एवढेच म्हणे, "फिर से, सर." मला माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची मुले आठवली. एकदा चुकले की मी त्यांना खाली बसवीत असे.

संध्याकाळी पत्नीने विचारले, "कंटाळलात ना?" मी म्हणालो, "उद्या किती वाजता निघायचे?"

शिक्षकमित्रहो, आपल्याला न येणारे काहीतरी अधूनमधून शिकून पाहा. बाक तोच असतो. आपण त्याच्या दुसऱ्या बाजूला बसतो, इतकेच.