रविवारचा वर्ग

पस्तिशी-चाळिशीतल्या माणसानं कॉलेजात नाव घातलं की घरात आणि गल्लीत हमखास विचारलं जातं, ‘आता शिकून काय करणार?’ मी सोलापुरात दर रविवारी अशाच विद्यार्थ्यांना वाणिज्य आणि व्यवसाय व्यवस्थापन शिकवतो. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून तसाच वर्गात आलेला कामगार, चाटी गल्लीतल्या कापड दुकानात उभं आयुष्य काढलेला दिवाणजी, घरी शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून गड्ड्याच्या जत्रेत विकणाऱ्या ताई, असे हे विद्यार्थी. त्यांना शिकवता शिकवता माझं मत पक्कं झालं आहे की हा विषय अठराव्या वर्षापेक्षा अडतिसाव्या वर्षी जास्त चांगला कळतो.

खेळतं भांडवल घ्या. नुकताच बारावी झालेला मुलगा त्याची व्याख्या पाठ करतो. यंत्रमागावर टॉवेल विणणारा मागवाला ती ऐकून गप्प होतो, कारण ती त्याच्या घरची गोष्ट असते. समजा, महिन्याला दोन लाखांचं सूत तो रोखीनं आणतो आणि टॉवेल तीन महिन्यांच्या उधारीवर देतो. म्हणजे सहा लाख रुपये कायम बाजारात अडकलेले. ही रक्कम वर्षाला अठरा टक्क्यांनी उचललेली असेल, तर महिन्याला नऊ हजार रुपये नुसतं व्याज जातं. फळ्यावर हा आकडा उतरला की मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, ‘सर, हे आम्ही कधी धरलंच नाही.’

धरलं जात नाही असं आणखीही बरंच असतं. आपल्या शहराच्या पूर्व भागात कितीतरी यंत्रमाग कारखाने राहत्या घराला लागून आहेत. मालक सूत धरतो, रंगाई धरतो, मजुरी आणि वीजबिल धरतो. मागाची दरवर्षी होणारी झीज, जिला आपण पुस्तकात घसारा म्हणतो, ती धरत नाही. स्वतःच्या जागेचं भाडं धरत नाही. आणि ज्या माउलीनं दिवसभर कांड्या भरल्या, टॉवेलच्या कडा शिवल्या, घड्या घालून पॅकिंग केलं, तिचा रोज तर कुणाच्याच वहीत नसतो. मग बाहेरचा व्यापारी भाव पाडून मागतो, तेव्हा ‘नाही’ कुठं म्हणायचं हे मालकाला ठरवता येत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचं नाव देशभर आहे. पण ती बनवणाऱ्याला तिची खरी उत्पादनकिंमत माहीत नसेल, तर त्या नावाचा फायदा दुसराच कुणी घेऊन जातो. परिव्यय लेखांकन, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, हा रुक्ष वाटणारा पेपर म्हणूनच मला सगळ्यांत जिवाभावाचा वाटतो.

व्यवसायविषयक कायद्यांचंही तसंच. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते केले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं आपले लोक तक्रारीला जात नाहीत, ते मी समजू शकतो. पण हक्क काय आहे हे ठाऊक असलेला माणूस निदान बोलणी तरी ताठ मानेनं करतो.

शिक्षणावाचूनही धंदा जमतो हे सांगायला काही जण उद्योगपती वालचंद हिराचंदांचं उदाहरण देतात. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या या माणसानं पदवी पुरी न करता जहाजं चालवली, विमानांचा कारखाना काढला. ‘मग शिकून कुठं धंदा येतो का?’ असं ते विचारतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. वालचंद व्यापारी घरात जन्मले. देणं-घेणं, पत, व्याज यांची भाषा लहानपणापासून त्यांच्या कानावर होती. ज्यांच्या घरी पेढी नव्हती, त्यांनी ती भाषा कुठं शिकायची? या शहरात १८७७ साली ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली. पुढं एकेक गिरणी बंद पडत गेली, लक्ष्मी-विष्णू गिरणीही गेली. तेव्हा घरी बसलेल्या कितीतरी माणसांच्या हातात उत्तम कसब होतं, पण ते दाखवायला कागद नव्हता आणि त्यावर स्वतःचा धंदा उभा करायला हिशेबाचं शिक्षण नव्हतं.

मुक्त विद्यापीठांनी अशा माणसांना शिकण्याची वाट मोकळी केली. ब्रिटनमध्ये १९६९ साली असं विद्यापीठ स्थापन झालं, भारतात पहिलं १९८२ मध्ये हैदराबादला. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या कारकिर्दीत त्याचा पाया घातला गेला, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद झालं. घरी वाचून समजतील अशी मराठी पुस्तकं आणि जवळच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं, अशी ही पद्धत आहे. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आणि शाळेत मराठी अशा वातावरणात वाढलेल्या आपल्या माणसांना इंग्रजी हे आणखी एक ओझं झालं असतं. ते टळलं, हे मी फार मोलाचं मानतो.

तरीही एक तक्रार आहे. प्रकल्पाचा विषय आला की आमचे विद्यार्थी दूरच्या बड्या कंपनीची माहिती कुठून तरी उतरवून आणतात. मी त्यांना सांगतो, तुमच्या कारखान्याची, दुकानाची, बचत गटाची वर्षभराची वही आणा. मागणी, खर्च, उधारी, नफा सगळं तिच्यातून काढा. सुरुवातीला लाजतात. मग एखादी ताई घरची तेल-तिखटाची बिलं पिशवीत भरून आणते आणि सगळा वर्ग तिच्या एका किलो चटणीचा खर्च मांडायला बसतो. असा रविवार मला फार आवडतो.

आज हे भाषण जे कारखानदार आणि दुकानदार ऐकत असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडचा कुणी परीक्षेला बसत असेल, तर पेपरच्या आदल्या रात्री त्याला पाळी लावू नका, आणि पेपरच्या दिवसांचा पगार कापू नका. घरच्या मंडळींनाही सांगतो, सूनबाईचा पेपर असेल त्या दिवशी सकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करा.