मधला ‘पण’ काढून टाका
(मंडळाच्या कथालेखन कार्यशाळेतील भाषण)



मी पडलो कॉम्प्युटरवाला. आमचं सगळं जग 0 आणि 1 वर चालतं. नुसती शून्यं मांडत गेलो तर काहीच कळत नाही. मध्ये एक 1 आला की अर्थ सुरू होतो. कथेचंही तसंच. दोन विरोधी गोष्टी शेजारी आल्या की वाचक सावरून बसतो.

आता आपल्या परदेशातल्या कथांमधला विरोध बघा. तिकडे आईची माया, इकडे डॉलरची माया. तिकडे तुळशीवृंदावन, इकडे बर्फ! कोण चांगलं, कोण वाईट, हा निकाल पहिल्या ओळीतच लागतो. मग वाचकाने पुढे कशाला वाचावं?

अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आठवा. मुंबईच्या उपनगरात भीमा खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते, तेव्हा पोटासाठी तो मसणातलं सोनं शोधू लागतो. जिथे माणसं सगळं सोडून जातात, तिथून याचं घर चालतं. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून त्याची बोटं जातात. आणि बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली! या दोन गोष्टी शेजारी आल्यावर नशिबावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

आपल्याकडेही असा मालमसाला आहेच की. समजा, जूनमधली संध्याकाळ. न्यू जर्सीत सात वाजलेत, पुण्यात पहाटेचे साडेचार. फोनवर बहीण सांगतेय, “दादा, बाबांना आयसीयूत हलवलंय.” दादाच्या दुसऱ्या हातात अर्धवट फुगलेला फुगा. हॉलमध्ये मुलं ओरडतायत, “बाबा, केक!”

इथेच थांबा. ‘त्याचं मन दुभंगलं’ असं लिहू नका. ‘पण त्याला हसावं लागलं’ असंही नको. तो ‘पण’ वाचकाच्या मनात उमटू दे. फक्त तो फुग्याला गाठ मारतो की हवा सोडून देतो, तेवढं लिहा.

यात वाईट कोणीच नाही. मुलांचा आनंद खरा, बहिणीचा कापरा आवाजही खरा. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला एकाच मिनिटाला आले, एवढीच कथा. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी असा फोन घेतलाय, किंवा त्याची धास्ती उशाशी घेऊन झोपतोय. ते कधीतरी कागदावर यायला हवं ना?

तर यंदा फराळ झाल्यावर एक पान लिहूनच बघा. शुभ दीपावली!