भोगावतीकाठी आपले स्वागत

सन्माननीय अधिवेशनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि दूरदूरहून आलेल्या गणित अध्यापक बंधुभगिनींनो,

राधानगरीकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. हे गाव आणि हे धरण, दोन्ही राजर्षी शाहू महाराजांचे. 1908 साली त्यांनी गावाला कन्या राधाबाईंचे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी फेजिवड्याजवळ भोगावतीवर धरणाचे काम काढले. संस्थान लहान, स्वप्न मोठे. पैशाअभावी काम अडले, 1922 साली महाराज गेले, आणि धरण पुरे झाले ते 1957 साली. त्याचे दगड घडवणाऱ्या, वाहणाऱ्या हातांची नावे आज कुणाच्या ओठी नाहीत. त्यांना या व्यासपीठावरून माझा नमस्कार.

आमचा खरा अभिमान म्हणजे सात स्वयंचलित दरवाजे. पातळी 347.50 फुटांवर गेली, की पाण्याच्याच दाबाने दरवाजा उचलला जातो. ना वीज लागते, ना कुणाचा हुकूम. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटते. पातळी उतरली, की तो आपला आपण बसतो. वीजगृहातून वीज करून सोडलेले पाणी वेगळे; तेच पुढे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडून उसाला मिळते. साडेआठ टीएमसीच्या आतले हे धरण पंचगंगेचा पूर एकट्याने थोपवू शकत नाही. कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचे पाणी त्याच्या हाती कुठे आहे? 2019 आणि 2021 साली आम्ही तो पूर सोसला. तरी भरेपर्यंतचा लोंढा ते पोटात घेते, हे उपकार आम्ही कसे विसरावे?

आपल्या विषयाशी याचा संबंध काय, असे कुणी विचारेल. पावसाळ्यात आमच्याकडची लहान पोरेही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. सात दरवाजांचा गुणाकार चहाच्या टपरीवर होतो.

आता व्यवस्थेविषयी. निवास शाळेच्या वर्गखोल्यांत आहे, गाद्या पातळ आहेत, अंघोळीचे गरम पाणी सर्वांना एकाच वेळी पुरणार नाही. मोबाईलला रेंजही जेमतेमच. या उणिवांबद्दल हात जोडून क्षमा मागतो. दाजीपूरचे गवे रात्री रस्त्यावर येतात, तेव्हा जेवणानंतर लांब फिरायला जाऊ नये, ही विनंती. दूध देणाऱ्या दूधसंस्था, तांदूळ धाडणारे शेतकरी, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, मंडप बिनभाड्याने देणारे व्यापारी बंधू आणि आपल्या खोल्या रिकाम्या करून देणारे विद्यार्थी, सर्वांचे मनापासून आभार. चार वाजता धरणावर जायला गाड्या निघतील. ज्येष्ठांनी पुढच्या गाडीत बसावे.