सातांचे पाय
(रेडिओवरील भाषण)



लग्न होऊन मी दाभोळला आले, तेव्हा कबड्डी मला अगदीच परकी होती असं नाही. शाळेच्या पटांगणात आम्ही मुलीही हुतूतू खेळायचो. पण दुसऱ्याचा सामना बघायला बसले की मला दिसायचं ते एवढंच. एक मुलगा पलीकडे जातो, थोडा पुढेमागे नाचतो आणि परत येतो. मग दुसरा जातो. मधेच सगळे त्याच्यावर तुटून पडतात, धुरळा उडतो, पंच हात वर करतात आणि चारी बाजूंनी आरोळी उठते. लोक नेमके कशासाठी ओरडले, हे मला समजायचं नाही. तासाभरात डोळे मिटायला लागायचे.

माझे सासरे तरुणपणी उजव्या कोपऱ्यात खेळलेले. पुढे मासेमारीच्या बोटीवर तांडेल झाले. पहिल्याच हंगामात माझी ती पेंगुळलेली मान बघून ते म्हणाले, "त्या एकट्याकडे काय बघतेस गो? त्या सातांचे पाय बघ."

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या एका वाक्याबद्दल.

भातं झोडून झाली, की आपल्याकडे गावोगाव रात्रीचे सामने सुरू होतात. मुंबईची मंडळी सुट्टी काढून खेळायला येतात. देवळापुढचं मैदान शेणामातीने सारवल्यासारखं चोपून घेतलेलं असतं, बांबूंवर दिवे लागलेले असतात. एकदा आम्ही असेच गुहागर तालुक्यात सामने बघायला गेलो होतो. अंतिम सामना संपला तेव्हा फार उशीर झाला होता, म्हणून पहाटे धोपाव्याच्या धक्क्यावर दाभोळकडे येणाऱ्या पहिल्या फेरीबोटीची वाट बघत बसलो. तिथे मामंजींनी एका काडीने धुळीत मैदान आखलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. मी कबड्डी बघायला शिकले ती त्या धक्क्यावर.

रेडिओवर आकृती दाखवता येत नाही, म्हणून तुम्हीच ती डोळ्यांसमोर आणा. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्या रुंदीतला दोन्ही कडेचा एकेक मीटर राखीव. झटापट सुरू झाल्याशिवाय तिथे पाय टाकायचा नाही. मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. चढाई करणाऱ्याने कुणाला स्पर्श केला नसेल, तर निदान ही रेषा तरी ओलांडून यायलाच हवं, नाहीतर तो बाद. तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा, ती ओलांडली की जादा गुण मिळू शकतो. आता हिशेब करा. बोनस रेषेच्या मागे किती जागा उरली? पावणेदोन मीटर. एका माणसाच्या उंचीएवढी पट्टी. सगळा बचाव या पट्टीच्या आसपास, पाठीशी शेवटची रेषा घेऊन उभा असतो. मागे सरकायला जागा नाही आणि पुढे आलं तर गडी टिपला जाणार. या अडचणीतून कबड्डीचे सगळे डाव जन्मतात.

आता पाय बघायचे म्हणजे काय बघायचं? दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या शेजारी हात धरलेले साथीदार, मग कव्हर आणि मधला गडी. चढाई करणारा डाव्या कोपऱ्याकडे वळला की तो कोपरा मागे सरकतो. बघणाऱ्याला वाटतं, तो घाबरला. तसं नसतं. तो चढाईवाल्याला आत ओढत असतो. त्याच वेळी उजवीकडची मंडळी हळूहळू पुढे सरकत त्याची परतीची वाट अरुंद करत असतात. साखळी धनुष्यासारखी वाकते. कोपऱ्याच्या टाचा जमिनीवर टेकलेल्या असतील तर तो अजून वाट बघतोय. टाच उचलली, वजन चवड्यावर आलं, की पुढच्या क्षणी तो घोट्याला हात घालणार. चढाईवाल्याने बोनससाठी पाय लांब टाकला, दुसरा पाय हवेत आहे आणि सगळा तोल पुढे गेला आहे, हाच तो क्षण. किंवा तो माघारी फिरतो, पाठ अर्धी वळते, तो क्षण. चांगला कोपरा या दोन क्षणांसाठीच उभा असतो. बाकीचा वेळ तो काहीच करत नाही असं आपल्याला वाटतं.

मामंजी म्हणत, "वाईट गडी पकड करायला धावतो, चांगला गडी पकड होईपर्यंत थांबतो." ते स्वतः समुद्रावरचे, त्यांना ते थांबणं ठाऊक होतं. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथलं पाणी काठावरून बघणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं. तांडेल मात्र लाट कुठे फुटते, कुठे नुसती फुगून जाते, एवढ्यावरून खालची वाळू ओळखतो. उधाण आहे की भांग, हे मनात धरून बोट आत घेतो. त्या पाण्याकडे त्यांच्याबरोबर बघायला लागल्यावर मला आमची रोजची खाडीसुद्धा नव्याने दिसली.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो तिथला बेसबॉल बघायला शिकला, तेव्हा त्याने मला सांगितलं की चेंडू फेकायच्या आधी मागे बसलेला यष्टिरक्षकासारखा गडी मांड्यांच्या आडोशाला बोटांनी खुणा करतो, आणि समोर फटका मारणारा कोण आहे हे बघून मैदानातले गडी आपापल्या जागा बदलतात. ते दिसायला लागलं आणि तोवर कंटाळवाणा वाटणारा खेळ त्याला आवडायला लागला. मी त्याला म्हटलं, आपल्या साखळीतही तेच आहे. हात धरलेले दोघे एकमेकांचा तळवा दाबून ठरवतात, आता जायचं की थांबायचं. प्रेक्षकाला तो दाब दिसत नाही. पण दोघांचे पाय एकदमच उचलले गेले, की दिसतं की हे आधीच ठरलं होतं.

दुसरी गोष्ट मोजण्याची. मैदानात किती गडी आहेत, हे दर चढाईला मोजायचं. सात किंवा सहा असतील तरच बोनस मिळतो. पाच झाले की बोनस बंद, म्हणजे चढाईवाल्याचं अर्धं आमिष संपलं. आता त्याला कुणाला तरी शिवावंच लागेल. तीन किंवा त्याहून कमी उरले आणि त्यांनी पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. वर्तमानपत्रं तिला अव्वल पकड म्हणतात. म्हणून तीन गड्यांवर चढाई करणं वाटतं तेवढं सोपं नाही. हरत आलेला संघ तिथेच जाळं लावून बसलेला असतो. आणि सगळे बाद झाले तर लोण, दोन जादा गुण आणि सातही जण पुन्हा मैदानात.

त्याहून बारकाईने बघायची जागा म्हणजे बाहेरचा बाक. जुन्या काळी या खेळाचे तीन प्रकार होते: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमरमध्ये बाद होऊनही तो आतच राहून खेळे, फक्त गुण मोजले जात. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होई. आपली आजची कबड्डी या संजीवनीवर उभी आहे. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ तिथे करून दाखवला. संजीवनीचा मुद्दा असा, की जो आधी बाद झाला तोच आधी परत येतो. बोनसच्या गुणाने मात्र कुणी जिवंत होत नाही. आता समजा, समोरच्या संघाचा सगळ्यात भरवशाचा चढाईवाला बाहेर पहिल्या क्रमांकावर बसला आहे. अशा वेळी आपल्या कोपऱ्याने घाईने झेप घेतली आणि पकड फसली, तर तो गुण तर गेलाच, वर तो वाघ पुन्हा मैदानात आला. म्हणून जाणता कर्णधार ओरडतो, "थांब! थांब!" त्याचं ओरडणं कशासाठी आहे हे बाक बघितल्याशिवाय समजत नाही.

तिसरी, रिकामी चढाई. पूर्वी मला तिचाच सगळ्यात कंटाळा यायचा. गडी जातो, निदान रेषा ओलांडून येतो, गुण कुणालाच नाही. पण प्रत्येक चढाईला ३० सेकंद असतात. दोन-तीन गुणांनी पुढे असलेला संघ ते सेकंद खर्चत असतो. मात्र लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईवाला बाद. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीमुळे हा नियम घराघरांत पोचला. त्यामुळे दुसरी रिकामी चढाई संपली की मी सावरून बसते. तिसऱ्या वेळी कुणाला पाठवतात? मुख्य गड्याला धोक्यात घालायचं, की दुसऱ्या फळीतल्या एखाद्या पोराला पुढे करायचं? समोरचा बचाव आता पुढे येणार नाही, कारण वेळ त्यांच्या बाजूने आहे. ही अर्ध्या मिनिटाची चढाई पूर्ण समजून बघितली, तर तिच्यात सामन्याचं सगळं मर्म असतं.

नियम माहीत नसले की काय होतं, हे आपण सगळ्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ला पाहिलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत आणि इराण, २८-२८ अशी बरोबरी आणि शेवटची मिनिटं. पवन सेहरावत तिसऱ्या चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श होण्याआधीच कडेच्या राखीव पट्टीत गेला. त्याच्यामागोमाग इराणचे चार जण त्या पट्टीत उतरले. जुन्या नियमाने ते चौघेही बाद, म्हणजे भारताला चार गुण आणि इराणला एक. नव्या नियमाने पवन पट्टीत गेला तिथेच खेळ थांबला, इराणला एक गुण, बाकी काही नाही. खेळ कितीतरी वेळ थांबून राहिला. आमच्या घरात त्या वेळी सगळे एकमेकांना विचारत होते, झालं काय? मामंजी तेव्हा थकलेले होते, पण खाटेवर उठून बसले आणि त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. शेवटी भारताला चार गुण मिळाले, आणि पुढे भारताने सामना ३३-२९ असा जिंकला. त्या संघात आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते.

आणि इराणबद्दल बोलायचं तर आणखी एक नाव घेतलंच पाहिजे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. तो पराभव मला लागला, हे खरं. पण परक्या देशातल्या मुलींना एक मराठी बाई हा खेळ इतका नीट शिकवू शकते, याचा मला त्याहून मोठा अभिमान वाटला. गुणी माणसाला हे डाव शब्दांत सांगता येतात, आणि शिकता येतात.

मला एका गोष्टीचं वाईट वाटतं, ते बोलते. दूरदर्शनच्या पडद्यावर कॅमेरा बहुतेक वेळ चढाई करणाऱ्यामागे धावतो. त्याचा चेहरा, त्याचे दंड, त्याची हनुमान उडी. कोपऱ्यात उभा असलेला गडी पकड झाल्यावरच दिसतो. इराणचा फझल अत्राचली मुंबईच्या यू मुंबा संघाकडून डाव्या कोपऱ्यात खेळायचा. त्याची खरी करामत पकडीच्या आधीच्या वीस सेकंदांत असायची, आणि ते वीस सेकंद पडद्यावर क्वचित पूर्ण दिसायचे. गावच्या मैदानावर ते दिसतात. आपल्या गावच्या मैदानाला मी कधीच कमी मानत नाही, ते यासाठी. तिथे तुम्ही पाहिजे तिकडे नजर लावू शकता.

आमच्याकडे बायका सामन्याला येतात, पण बहुतेक मागे उभ्या राहतात, पोरं सांभाळत, दोन चढाया बघून घरी जातात. त्यांना खेळ आवडत नाही असं नाही. त्यांना कुणी शेजारी बसून सांगितलेलं नसतं. मला मामंजींनी सांगितलं, म्हणून मी आज इथे बोलते आहे. ते गेले त्याला आता दोन पावसाळे झाले.

श्रोतेहो, या हंगामात तुमच्या गावात सामने असतील, तर एवढं करा. सगळे मध्यरेषेपाशी गर्दी करतात, तिथे बसू नका. शेवटच्या रेषेमागे, कोपऱ्याजवळ जागा धरा. पहिली पाच मिनिटं चढाई करणाऱ्याकडे बघूच नका, कोपऱ्याच्या टाचा बघा. आणि शेजारी एखादी नवी सून किंवा एखादं लहान पोर जांभया देत बसलं असेल, तर त्यालाही दाखवा.